फास्टर फेणेचे जनक : भा. रा. भागवत

इंग्रजी कुमार कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलामुलींना एक कथानक चांगलेच परिचयाचे असते. गावापासून दूर, उंच भिंतींच्या आत एक जुनी खाजगी शाळा. तिची फी इतकी, की सामान्य माणसाने फाटकाशीच थांबावे. त्या शाळेत मोजक्या मुलांचे एक गुप्त मंडळ असते. त्या मंडळाला नाव असते, शपथ असते, परवलीचा शब्द असतो आणि मध्यरात्री भरणाऱ्या बैठका असतात. नवा विद्यार्थी शाळेत येतो, त्याला मंडळाचा सुगावा लागतो आणि कादंबरी सुरू होते. आपल्या महाविद्यालयातले कितीतरी मित्रमैत्रिणी अशा कादंबऱ्या एका बैठकीत संपवतात. मीही चार-सहा वाचल्या आणि रमलो. पण प्रत्येक वेळी पुस्तक मिटताना एकच प्रश्न उरे. मराठीत असे का लिहिले गेले नाही? आपल्या मुलांना गूढ आवडत नाही, की आपल्या लेखकांना ते जमले नाही?

या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मी भास्कर रामचंद्र भागवत यांच्यापाशी येऊन पोचलो. मराठी मुलांना साहसाची आणि रहस्याची गोडी ज्या थोड्या लेखकांनी लावली, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे आयुष्य आणि त्यांचा नायक यांकडे एकत्र पाहिले, की माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळते, असे मला वाटते. ते उत्तर वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या इंग्रजी परंपरेचा थोडा परिचय करून घेऊ. टॉमस ह्यूज याने १८५७ साली रग्बी येथील शाळेवर ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ लिहिली आणि इंग्लंडात शालेय कादंबरी रुळली. आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९९ साली ‘स्टॉकी अँड कंपनी’ या पुस्तकात निवासी शाळेतल्या तीन खोडकर मुलांचे त्रिकूट रंगवले. एनिड ब्लायटनने १९४९ पासून ‘सीक्रेट सेव्हन’ची मालिका लिहिली. तिच्यातली सात मुले बागेतल्या शेडमध्ये जमतात, बिल्ले लावतात आणि परवलीचा शब्द विसरणाऱ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवतात. ब्लायटनबाईंच्या हाती हा सारा खेळ निरागस राहतो. पुढे १९७४ साली रॉबर्ट कॉर्मिए या अमेरिकन लेखकाने ‘द चॉकलेट वॉर’ लिहिली आणि त्या खेळाची दुसरी बाजू दाखवली. तिच्यातल्या खाजगी शाळेत ‘व्हिजिल्स’ नावाचे गुप्त मंडळ आहे. शाळेचे प्रमुखपद सांभाळणारा शिक्षक चॉकलेटची खोकी खपवण्यासाठी त्याच मंडळाचा आधार घेतो. जेरी नावाचा एक मुलगा विक्रीला नकार देतो आणि अखेर सगळ्या शाळेदेखत मार खातो. गुप्त मंडळ बंडखोर असते, ही आपली समजूत या कादंबरीने खोटी ठरते. तिथले मंडळ सत्तेच्या पदराखालीच वाढलेले आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता भागवतांकडे वळू.

भागवतांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूर येथे झाला. होळकरांचे हे संस्थान महाराष्ट्राबाहेर असले, तरी तिथे मराठी माणसांची मोठी वस्ती होती आणि मराठी वाचनाची, नाटकांची, सभासंमेलनांची परंपरा होती. महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्या मराठी माणसांनी आपली भाषा किती जिवापाड जपली, याचे इंदूर हे ठळक उदाहरण होय. योगायोग असा, की इंग्रजी कादंबऱ्यांत शोभावी अशी एक खरीखुरी शाळाही त्याच गावात होती. मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानिकांच्या मुलांसाठी इंग्रजांनी काढलेले डेली कॉलेज ते हेच. १८८२ पासून ते या नावाने ओळखले जाते. राजपुत्रांनी इंग्रजी रीतिरिवाज शिकावेत आणि पुढे साम्राज्याशी एकनिष्ठ राहून राज्य करावे, हा अशा शाळांचा उद्देश होता. राजकोटचे राजकुमार कॉलेजही त्याच जातीचे. आपल्या कोल्हापूरचे शाहू महाराज तिथेच शिकले. सामान्य घरातल्या मुलांना मात्र असल्या शाळा रस्त्यावरून दिसत तेवढ्याच. त्यामुळे भिंतीआडच्या शाळा आपल्याकडे नव्हत्या, असे कोणी म्हणू नये. भागवतांच्या जन्मगावीच त्यांतली एक उभी होती. त्यांनी आपला नायक मात्र तिथून उचलला नाही.

मोठेपणी भागवत लेखक आणि पत्रकार झाले आणि ऑल इंडिया रेडिओच्या नोकरीत शिरले. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. सरकारी रेडिओ हे त्या वेळी राज्यकर्त्यांचे मोठे शस्त्र होते, आणि तिथली नोकरी म्हणजे सुशिक्षित माणसाला पगाराची आणि प्रतिष्ठेची शाश्वती. अशात ऑगस्ट १९४२ उजाडला. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून चले जावची हाक उठली आणि भागवतांनी सरकारी नोकरी सोडून चळवळीची वाट धरली. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही त्यांच्याबरोबर होत्या. लीलावतीबाई पुढे स्वतंत्र भारतात मुंबई आकाशवाणीवरच्या ‘वनिता मंडळ’ या कार्यक्रमामुळे घराघरांत पोचल्या. मुलांसाठी त्यांनीही पुष्कळ लिहिले. या दांपत्याची दोन्ही नावे मराठी बालसाहित्यात एकत्रच घ्यावी लागतात.

बेचाळीसच्या त्या दिवसांविषयी आपण सातारा-सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. त्या काळात उभा देश गुप्त मंडळांनी भरलेला होता. सरकारी रेडिओ एकीकडे बोलत असताना मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत तो चालला. आमच्या माधवनगरवरून जी रेल्वे पुण्याला जाते, तिच्यावरच कऱ्हाडच्या अलीकडे शेणोली आहे. तिथे जून १९४३ मध्ये क्रांतिकारकांनी सरकारी पैसा नेणारी गाडी अडवून लुटली. त्याच वर्षी २४ जुलैला वसंतदादा पाटील आपल्या साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्या धुमश्चक्रीत अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांनी प्राण दिले आणि दादांना गोळी लागली. कुंडलच्या परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारची तुफान सेना कवायत करत होती. परवलीचे शब्द, रात्रीच्या बैठका, शपथा, फितुरांचा शोध, हे सारे इथल्या रानावनांत प्रत्यक्ष घडत होते, आणि घडवणारी पुष्कळशी मंडळी आपल्याच वयाची होती.

इथे मला पहिला धागा सापडतो. इंग्रजी शाळेतले गुप्त मंडळ ज्यांच्या हाती आधीच सर्व काही आहे त्यांचे असते. त्याची गुप्तता इतरांना बाहेर ठेवण्यासाठी असते. बेचाळीसची गुप्तता याच्या अगदी उलट होती. ज्यांच्या हाती काही नव्हते, त्यांनी बलाढ्य सत्तेशी झुंजण्यासाठी ती पत्करली होती, आणि भाकरी बांधून देणाऱ्या गावच्या बायाबापड्याही तिच्यात सामील होत्या. ज्या पिढीने ही दुसरी गुप्तता पाहिली आणि तिच्यासाठी स्थैर्यावर पाणी सोडले, त्या पिढीतल्या लेखकाला मेणबत्ती लावून बसलेल्या श्रीमंत मुलांच्या मंडळाचे कौतुक कसे वाटावे?

स्वातंत्र्यानंतर भागवतांपुढे मोठ्या माणसांचे लेखक होण्याचा मार्ग मोकळा होता. नवकथेची चर्चा जोरात होती. कथाकार, समीक्षक, कवी यांना मान होता. मुलांसाठी लिहिणाऱ्याला तो नव्हता. आजही फारसा नाही. तरी भागवतांनी मुलांचीच वाट धरली आणि ‘बालमित्र’ हे मासिक काढले. मराठीत मुलांच्या मासिकांची परंपरा तशी जुनी होती. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली सुरू केलेले ‘आनंद’ कित्येक पिढ्यांनी वाचले. पण मुलांचे मासिक चालवणे म्हणजे पदरमोड आलीच. मुलांच्या खिशात पैसे नसतात, आणि जाहिरातदारांना मुलांत रस नसतो. संपादकालाच लेखक, भाषांतरकार आणि मुद्रितशोधक व्हावे लागते. ‘बालमित्र’ही पुढे बंद पडले. पण त्याच्या निमित्ताने जी लेखणी मुलांसाठी चालू झाली, ती अखेरपर्यंत थांबली नाही.

भागवतांचे पहिले मोठे काम म्हणजे त्यांनी मराठी मुलांना ज्यूल व्हर्न दिला. हा फ्रेंच कादंबरीकार विज्ञानाच्या पाठीवर कल्पनेला बसवून तिला चंद्रावर, समुद्रतळाशी आणि पृथ्वीच्या पोटात नेणारा. भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशी त्याची पुस्तके मराठीत आणली. ही नावेच पाहा. परक्या भाषेतले कुठलेही अवघड नाव त्यांनी तसेच्या तसे पुढे ढकललेले नाही. स्वारी म्हटले, की आपल्याला मराठ्यांची घोडदौड आठवते. पाताळलोक आजीच्या गोष्टीतून आधीच ठाऊक असतो. शेंडेनक्षत्र हा धूमकेतूला खेड्यापाड्यांत वापरला जाणारा शब्द, आणि त्याच्यामागे मुक्काम लावला की एस.टी.च्या पाटीसारखी ओळख पटते. व्हर्नची मूळ पुस्तके एकोणिसाव्या शतकातली. ‘पाताळलोक’चे मूळ १८६४ सालचे, ‘चंद्रावर स्वारी’चे १८६५ सालचे. शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेंच मुलांचा खाऊ भागवतांनी मराठी ताटात असा वाढला, की तो उसना आहे हे खाणाऱ्याला कळूच नये. भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द, असे समजणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पण भागवतांचे नाव ज्याच्यामुळे अजरामर झाले, तो फास्टर फेणे. वीस पुस्तकांतून हा मुलगा धावला. ती पुस्तके पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाने प्रसिद्ध केली. १९७०च्या आणि १९८०च्या दशकांत शाळेत असलेल्या कोणाही मराठी माणसाला विचारा, त्यांतली चार-दोन नावे तो सहज सांगेल. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’, ‘जवानमर्द फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’. पोराला कुठेकुठे नेले आहे ते या नावांवरूनच कळते. आपल्या सातारा जिल्ह्यातला किल्लाही सुटला नाही आणि काश्मीरही सुटले नाही.

याचे खरे नाव बनेश फेणे. अंगाने हाडकुळा. सायकल मारण्यात पटाईत. काही सुचले किंवा चकित झाला, की जिभेने टॉक् असा आवाज काढणार. गाव फुरसुंगी, शाळा पुण्याचे विद्याभवन. सुभाष देसाई, शरद शास्त्री, माली ही त्याची दोस्तमंडळी. यापलीकडे त्याच्याजवळ काही नाही. वाडवडिलांची इस्टेट नाही, घराण्याचे नाव नाही, ओळखीचा मामलेदार नाही. आहे ती फक्त धिटाई, चपळाई आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसण्याची अनिवार हौस.

फुरसुंगी या नावाने मला प्रथमपासून ओढ लावली, त्याचे कारण भौगोलिक आहे. पुणे-मिरज रेल्वेवर पुणे सोडल्यावर थोड्याच वेळात फुरसुंगीचे छोटे स्टेशन लागते. मग जेजुरी, सातारा, कऱ्हाड, शेणोली असे करत गाडी आमच्या माधवनगरला येते आणि पुढे सांगलीला, मिरजेला जाते. फास्टर फेणे आमच्याच रुळांवरचा आहे. लंडनच्या स्टेशनावर ट्रंक घेऊन उभ्या असलेल्या आणि पहिल्या वर्गाच्या डब्यातून शाळेला जाणाऱ्या मुलांच्या गोष्टी वाचताना आम्ही पाहुणे असतो. फुरसुंगीच्या पोराची गोष्ट वाचताना मात्र आम्हीच यजमान असतो. माधवनगरहून सांगलीला सायकल मारत कॉलेजला येणाऱ्या मुलाला, उन्हाने पोळलेल्या पेठेतून, मागांच्या खडखडाटातून पॅडल मारताना, आपणही एखाद्या गोष्टीतले आहोत असे क्षणभर वाटते, ही भागवतांची किमया आहे.

आता मंडळाचा मुद्दा. फास्टर फेणेलाही सवंगडी आहेत, पण त्यांचे मंडळ नाही. त्याला नाव नाही, बिल्ला नाही, शपथ नाही. दाराला कडी नाही, कारण मुळात दारच नाही. जो वाटेत भेटेल तो या टोळीत सामील होऊ शकतो. आणि भागवतांच्या या गोष्टींत गुप्त काय असते? गुन्हेगारांचा कट. भामटे, चोर, देशाचे शत्रू यांची कारस्थाने तेवढी अंधारात शिजतात, आणि फेणेचे काम ती उजेडात आणण्याचे. रहस्य नायकाच्या मालकीचे नसते. ते त्याला फोडायचे असते. इंग्रजी शालेय कादंबरीत वाचकाची इच्छा असते, की मलाही त्या मंडळात घ्या. फास्टर फेणे वाचताना वाटते, की या भामट्यांच्या मंडळाचा एकदा सोक्षमोक्ष लागू दे. एका इच्छेतून उमेदवार तयार होतो, दुसरीतून नागरिक.

भागवतांनी हे तत्त्व म्हणून मांडले नाही. त्यांना प्रवचनाची हौस नव्हती आणि मुलांना ती आवडत नाही, हे ते जाणून होते. पण आपल्या समाजाचा एक विशेष त्यांच्या लेखनात उतरला, असे मला वाटते. आपल्याकडे, निदान सातारा, सांगली, कोल्हापूर भागात, बोर्डिंग हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे श्रीमंतांची शाळा येत नाही. शाहू महाराज राजपुत्रांच्या कॉलेजात शिकले, आणि गादीवर आल्यावर १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या गरीब मुलांसाठी वसतिगृहे उघडली. त्या नगरीत बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. महात्मा गांधींच्या उपस्थितीत १९२७ साली त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. एकाच पंगतीला बसून भाकरी खाणारी, स्वतः पाणी भरणारी, कमवून शिकणारी मुले ही आपली बोर्डिंगची कल्पना. इंग्लंडात निवासी शाळेच्या भिंती निवडलेल्यांना वेगळे ठेवण्यासाठी उभ्या राहिल्या. आपल्याकडे वगळलेल्यांना आत घेण्यासाठी बोर्डिंगे निघाली. अशा भूमीत शालेय कादंबरीचा नायक फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला पोरगा असावा, हे अगदी साहजिक होते.

भागवतांची थोरवी सांगताना त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फास्टर फेणेच्या जगात योगायोग फार. नेमका त्याच क्षणी, नेमका त्याच झाडामागे तो हजर असतो आणि भामटे आपला बेत त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलतात. खलनायकाच्या मनात काय चालते, याचा शोध नाही. व्हिजिल्सचा म्होरक्या आर्ची वाचकाला भीती घालतो, कारण तो आपल्या वर्गातल्या कोणासारखाही असू शकतो. फेणेचे शत्रू बहुधा बाहेरचे असतात. वर्गातली दुष्टाई, शिक्षकांचा पक्षपात, जातीचा काच यांकडे गोष्ट वळत नाही. नायकाचे गाव खेड्याचे असले तरी त्याचा मित्रपरिवार पुण्याच्या मध्यमवर्गातलाच आहे. मुलींच्या वाट्याला आलेली कामगिरी थोडी. मालीला सायकलवर पुढे काढून फास्टर फेणेला कॅरियरवर बसवले असते, तर किती बहार आली असती! हे सर्व खरे आहे. पण ज्या काळात कुमारांसाठी मराठीत मुख्यतः बोधकथा आणि ऐतिहासिक गोष्टी होत्या, त्या काळाच्या संदर्भात भागवतांना तोलले पाहिजे. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या त्यांच्याआधी मराठी मुलांचा लाडका झाला होता. पण तो मुख्यतः घरात रमणारा. शेजारच्या बंगालीत सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ साली अवतरला. पण तो मोठा माणूस, आणि मूल त्याचा सहायक. उंबरठा ओलांडून स्वतःच्या हिमतीवर देशभर भटकणारा मुलगा मराठीत लोकप्रिय केला तो भागवतांनी.

त्यांच्या भाषेविषयी दोन शब्द. भागवतांचे गद्य हसते-खेळते आहे. नादाचा, अनुप्रासाचा, शब्दांच्या कोलांट्यांचा त्यांना मोह. ‘ट् ट् ट् फास्टर फेणे’ असले शीर्षक गंभीर साहित्यिकाला सुचणार नाही आणि सुचले तरी छापण्याचा धीर होणार नाही. त्यांनी बिपिन बुकलवार नावाचा आणखी एक नायक निर्माण केला. त्याचे आडनावच पुस्तकाच्या वेडावरून बेतलेले. मुलाने वाचावे, असा उपदेश करणारे आपल्याकडे पुष्कळ. वाचणाऱ्या मुलालाच नायक करून टाकावे, ही युक्ती भागवतांची. बाळबोध आणि बालिश यांत फरक असतो. भागवतांचे लेखन बाळबोध वळणाचे आहे, बालिश नाही.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका आली. सुमीत राघवन याने ती भूमिका केली आणि पुस्तक हाती न घेतलेल्या मुलांनाही हे नाव कळले. भागवत दीर्घायुषी होते. त्यांच्या हयातीतच त्यांचे पहिले वाचक आईबाप झाले आणि त्यांनी तीच पुस्तके आपल्या मुलांना दिली. लेखकाला याहून मोठा पुरस्कार कोणता? २७ ऑक्टोबर २००१ रोजी, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षानंतर, त्यांची जीवनयात्रा संपली.

निधनानंतर सोळा वर्षांनी, २०१७ साली, आदित्य सरपोतदार यांनी ‘फास्टर फेणे’ हा मराठी चित्रपट काढला. अमेय वाघ त्यात तरुण झालेला फेणे आहे, आणि तो पुण्यात ज्यांच्या घरी उतरतो ते वृद्ध गृहस्थ म्हणजे साक्षात भा. रा. भागवत. ही भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली आहे. निर्मात्याला त्याच्याच निर्मितीच्या गोष्टीत आणून बसवण्याची ही कल्पना मोठी गोड आहे. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते चित्रपटाचे कथानक. फेणे पुण्याला येतो तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी. तिथे परीक्षेला तोतये बसवून जागा विकणाऱ्या टोळीचा त्याला सुगावा लागतो. म्हणजे चित्रपटकारांनी नव्या काळातले गुप्त मंडळ बरोबर हेरले. आज त्या मंडळाला मेणबत्ती आणि शपथ लागत नाही. पैसे मोजणाऱ्यासाठी शिक्षणाचे दार मागून उघडणारे आणि गुण मिळवणाऱ्याच्या तोंडावर ते लावणारे हे मंडळ आहे. मूळ पुस्तकांत नसलेला हा कट भागवतांच्या वृत्तीला धरूनच आहे. त्यांचा पोरगा आजही दार फोडायलाच जातो.

मराठी माध्यमातून, खेड्यातून, हप्त्याने फी भरून शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विषय परका नाही. सांगली-मिरजेच्या रस्त्यांवर निवासी अकॅडमींचे मोठमोठे फलक लागलेले आहेत. त्यांच्यावर यशस्वी मुलांचे फोटो असतात. आत घेतले न गेलेल्यांचे नसतात. अशा वेळी इंग्रजी कादंबरीतले गुप्त मंडळ वाचून आपल्याला त्याचे सभासद व्हावेसे वाटणे स्वाभाविक आहे. दार बंद असले, की आत काहीतरी मौल्यवान असणार असे माणसाला वाटतेच. भागवतांनी आयुष्यभर मुलांना त्याच्या उलट सांगितले. बंद दाराआड बहुधा लबाडी असते, आणि मौल्यवान गोष्ट रस्त्यावर असते. सायकल, मित्र, आणि डोळे उघडे ठेवण्याची सवय.

मराठीत असे का लिहिले गेले नाही, या माझ्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. लिहिता येत होते. गूढाची हौस होती, राजपुत्रांच्या शाळा जन्मगावी होत्या, खऱ्या गुप्त चळवळींचा काळ जगून झाला होता. तरी भागवतांनी फुरसुंगीचा पोरगा निवडला, आणि ती निवड चुकली नाही. बालसाहित्य आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच असते, म्हणून आपण ते शाळेबरोबरच मागे टाकतो. प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे, की मराठी कादंबरीचा विचार करताना कधीतरी या वीस छोट्या पुस्तकांचाही विचार व्हावा. आणि विद्यार्थीमित्रांना एवढेच सुचवतो, की इंग्रजी कादंबरी जरूर वाचा, पण तिच्याशेजारी एक फास्टर फेणे ठेवा. दोन्ही वाचून झाल्यावर आपल्याला कोणत्या टोळीत जायचे आहे, ते ज्याचे त्याने ठरवावे.